ऐकू येईल एवढ्या आवाजात

अश्विनीचा फोन सकाळी सहाला आला. "सर, सिस्टर गेल्या. पाच वाजता. आम्ही तिघी जवळ होतो." एवढं बोलून ती थांबली. मग बातमीचा राहिलेला तपशील सांगावा तशा आवाजात म्हणाली, "पाठीवर एकही जखम नव्हती." फोन ठेवल्यावर जुन्या सवयीनं मी कागदावर लिहून घेतलं : रतन भोईटे, वय चौसष्ट, निवृत्त आरोग्यसेविका, राहणार शेळगाव, तालुका इंदापूर. अर्धांगवायूनंतर अकरा महिने अंथरुणावर. पाठ, टाचा, खुबा, कुठेही जखम नाही. ज्यांनी घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस सांभाळलं आहे, त्यांना या शेवटच्या ओळीचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही. दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, चादरीची एक सुरकुतीसुद्धा चालत नाही. अकरा महिने हे चुकलं नाही. करणाऱ्या तिघींपैकी एकही सिस्टरांची मुलगी किंवा सून नव्हती. एक त्यांची वर्गमैत्रीण होती आणि दोघी विद्यार्थिनी. मुलगा नोकरीसाठी हैदराबादला. तो महिन्यातून एकदा यायचा आणि या तिघींकडून आईची कूस बदलायला शिकला होता. या गोष्टीला आता काही आठवडे झाले. सिस्टरांविषयी लिहायचं तर दुःखापासून सुरुवात करता येत नाही. त्यांनी जे ठरवलं होतं ते झालं, आणि त्यांच्या डोळ्यांदेखत झालं.

भोईटे सिस्टरांची आणि माझी ओळख जवळपास तीस वर्षांची. मी एका दैनिकाचा इंदापूर तालुक्याचा वार्ताहर, त्या उपकेंद्रावर नर्सबाई. लसीकरणाच्या, साथीच्या बातम्यांसाठी मी त्यांना भेटायचो. बातमी छापून आली की त्यांचा निरोप यायचा : आकडा चुकला आहे. बहुतेक वेळा तो खरोखर चुकलेला असायचा. शेळगाव आणि आसपासच्या वाड्यांवरची निम्मी तरुण पिढी त्यांच्या हातावर जन्मली. बोलणं फटकळ, चालणं भरभर, आणि समोरच्याला आज्ञा देण्याची छत्तीस वर्षांची सवय. उठा, बसा, हात पुढं करा, दंडावरची बाही वर घ्या. निवृत्तीनंतर त्या घरी बसतील असं कुणालाच वाटत नव्हतं, पण त्या कॉलेजात जातील असंही वाटलं नव्हतं.

कारण एका म्हातारीचं होतं. सिस्टरांच्या आळीतच एक आजी राहायच्या. मुलगा-सून रानात, नातवंडं पुण्यात. सिस्टर रोज येता-जाता त्यांची विचारपूस करत, रक्तदाबाच्या गोळ्या संपल्या का बघत. एका उन्हाळ्यात त्या आजी गेल्या. शरीरात पाणी राहिलं नव्हतं, असं डॉक्टर म्हणाले. चौकशी केल्यावर कळलं की त्यांनी पाणी पिणं आपणहून कमी केलं होतं. पाणी प्यायलं की परसाकडं जावं लागतं, जायचं तर उठवायला कुणालातरी रानातून बोलवावं लागतं, ते नको म्हणून. ही गोष्ट सिस्टरांनी मला सांगितली तेव्हा त्यांच्या स्वरात रडू नव्हतं, राग होता, आणि तो स्वतःवर होता. "रोज गोळ्या मोजल्या मी, पत्रकार. तांब्या कधी बघितला न्हाय." थोडं थांबून म्हणाल्या, "गावात आता पाळणे कमी आणि काठ्या जास्त झाल्यात. पाळण्याचं मला सगळं येतंय. काठीचं काय बी येत न्हाय."

त्याच वर्षी बारामतीच्या एका महाविद्यालयात वार्धक्यशास्त्राचा एक वर्षाचा पदविका अभ्यासक्रम सुरू होणार होता. म्हातारपणी शरीरात काय बदलतं, स्मरणशक्ती कशी तपासायची, तोल का जातो, एकटेपणाचं आजारपण कसं ओळखायचं, जेवण, औषधं, कायदा, संवाद. शिकून पुढे घरोघरी, दवाखान्यात किंवा ज्येष्ठांच्या केंद्रात काम करायचं. दहा जागा होत्या. नऊ भरल्या, सगळ्या विशी-पंचविशीतल्या मुली. दहावी जागा अठ्ठावन्न वर्षांच्या रतन भोईटे यांनी घेतली. पहिल्या दिवशी शेळगावहून एसटीनं आल्या तेव्हा फाटकावरच्या रखवालदारानं अडवलं. "मावशी, पालकांची मीटिंग आज नाही." सिस्टर म्हणाल्या, "पालक न्हाय बाबा, पोरगीच हाय मी. रोल नंबर दहा." हा किस्सा रखवालदार अजून सांगतो, आणि सांगताना शेवटी दर वेळी म्हणतो की त्यांनी ओळखपत्रसुद्धा दाखवलं.

अश्विनी त्या नऊ मुलींपैकी एक. सणसरची सून, लग्नाला दोन वर्षं झालेली, शिकलेली आणि अतिशय मऊ बोलणारी. सासऱ्यांना सगळे आबा म्हणतात. साखर कारखान्याचे जुने सभासद, गावात शब्दाला वजन. त्यांनी तिला एका वर्षाची परवानगी दिली होती आणि तीही हा काहीतरी नर्सिंगसारखा अभ्यास असेल या समजुतीनं. परक्या म्हाताऱ्यांना आंघोळ घालणं, त्यांचं उठणं-बसणं करणं हाही त्या अभ्यासाचा भाग आहे, हे तिनं घरी अर्धंच सांगितलं होतं.

खरी अडचण दोन महिन्यांत समोर आली. प्रत्येक विद्यार्थिनीला प्रात्यक्षिकासाठी ज्येष्ठांची दोन घरं हवी होती. दहा विद्यार्थिनी, वीस घरं. दिवाळीपर्यंत घरं मिळाली नाहीत तर प्रात्यक्षिक परीक्षा होणार नाही, परीक्षा झाली नाही तर पुढच्या वर्षी वर्ग उघडणार नाही, असं प्राचार्यांनी स्पष्ट सांगितलं. महाविद्यालयाला दोष देता येत नव्हता. रिकाम्या वर्गाला मान्यता कोण देणार? सिस्टरांनी इंदापूर तालुक्यातली आपली सगळी ओळख पणाला लावली. तीन घरं मिळाली. बाकी दारोदार एकच उत्तर. एका घरची मालकीण तर चहा देत देत म्हणाली, "सिस्टर, तुमी कवाबी या, घर तुमचंच हाय. पण त्या पोरी नको. घरात तीन सुना असताना बाहेरची बाई म्हातारीला बघायला आली, तर भावकी काय म्हणंल? सुना काय मेल्या व्हय?" त्या घरच्या म्हातारीला दोन्ही डोळ्यांनी जवळपास दिसत नव्हतं आणि ती दिवसभर एका कोपऱ्यात बसून असायची. सिस्टरांनी चहा घेतला, म्हातारीचा हात हातात धरून पाच मिनिटं बसल्या आणि उठल्या. एसटी थांब्यावर मला म्हणाल्या, "तहान लागलेली माणसं घराघरात हायत. पण तांब्या मागायची लाज वाटती."

मी मदत म्हणून एक सहा ओळींची बातमी दिली : ज्येष्ठांच्या सेवेचं शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थिनींना सरावासाठी घरं हवी आहेत, इच्छुकांनी संपर्क साधावा. सोबत सिस्टरांचा फोन नंबर. मुख्य कार्यालयात जागा कमी पडली. सहाच्या तीन ओळी झाल्या आणि वर मथळा बसला : 'शेळगावात ज्येष्ठांसाठी घर'. सकाळी नऊच्या आत सिस्टरांचा फोन आला. "पत्रकार, तुमी माझ्या दारात वृद्धाश्रम उघडलाय. बघायला या. येताना साखर घेऊन या, माणसं बसल्यात." मी पोचलो तेव्हा ओट्यावर आठ-दहा जण होते आणि आत फोन सतत वाजत होता. भिगवणहून एक जण मासळीच्या टेम्पोत आईला बसवून, तिचं अंथरूण-पांघरूण, तांब्या-पेला घेऊनच आला होता. आई खाली उतरायला तयार नव्हती. "बघून सांग आधी, तितं आंब्याचं झाड हाय का," एवढंच ती पोराला सांगत होती.

मी शुद्धिपत्रक देतो म्हणालो. सिस्टर म्हणाल्या, "दोन दिवस थांबा." त्यांच्या हातात शाळकरी वही होती आणि त्या आलेल्या प्रत्येकाचं नाव, गाव आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाला काय होतंय, हे लिहून घेत होत्या. तेव्हा माझ्या लक्षात आलं ते असं. गावात दारावर जाऊन विचारलं तर जे कुणी कबूल करत नव्हतं, ते पेपरातली तीन ओळींची बातमी वाचून, भावकीला न सांगता, फोन करून कबूल करत होते. सिस्टरांनी एकालाही फसवलं नाही. प्रत्येकाला सांगितलं, "ठेवून घेणार न्हाय. असलं घर इथं न्हाय, पेपरात चुकलंय. पण आठवड्यातनं दोनदा आमच्या पोरी तुमच्याकडं येतील. पटतंय का बघा." काहींनी पाठ फिरवली. बरेच जण हो म्हणाले. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी, आधीची तीन धरून, वहीत वीस घरं होती. चौथ्या दिवशी शुद्धिपत्रक छापून आलं. माझ्या नोकरीतल्या चुकांमध्ये ही एकच अशी आहे जी मला परत करायला मिळाली तरी करीन.

त्या वहीत शेळगावचेच एक तात्या होते. वय ब्याऐंशी. आयुष्य उसात आणि भाजीपाल्यात गेलेलं. फोन त्यांच्या मुलानं केला होता. "तात्यांचं डोकं गेलंय, सिस्टर. काय बी इचारा, व्हय म्हणत्यात. जेवला का? व्हय. जेवायचंय का? व्हय. दिवाळी झाली की पुण्याला एका ठिकाणी ठेवायचं ठरतंय." हे घर अश्विनीला मिळालं. ती गेली, तीस गुणांची स्मरणशक्तीची चाचणी घेतली आणि अहवाल लिहिला. तात्यांना तीसपैकी चार गुण. निष्कर्ष : तीव्र स्वरूपाचा स्मृतिभ्रंश असण्याची शक्यता, तज्ज्ञांकडे न्यावं. मुलानं मान हलवली. त्याच्या मनात होतं तेच कागदावर आलं होतं आणि आता पुण्याचा निर्णय पक्का झाला होता.

वर्गात अश्विनीचा अहवाल वाचला जात असताना सिस्टरांनी एकदम थांबवलं. "वार कोणता? व्हय. महिना कोणता? व्हय. हे गाव कोणतं? व्हय. अगं, डोकं गेलेला माणूस चुकीचा वार सांगतो. सोमवारचा शुक्रवार करतो. वाराला व्हय कसा म्हणंल?" दुसऱ्या दिवशी त्या अश्विनीला घेऊन तात्यांच्या घरी गेल्या. मी पुढची बातमी करायला म्हणून बरोबर होतो, त्यामुळे पुढचं मी समोर बसून पाहिलं आहे. तात्या ओट्यावर घोंगडीवर बसले होते. सिस्टर अश्विनीला म्हणाल्या, परवा विचारलंस तसंच विचार. अश्विनी दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. डोक्यावर पदर, नजर खाली फरशीकडे. तात्यांच्या आणि तिच्यामध्ये चार हातांचं अंतर. तिनं विचारलं, "तात्या, आज वार कोणता?" मी तिच्या जवळ होतो, तरी मला शेवटचा शब्द नीट ऐकू आला नाही. तात्यांनी तिच्याकडे न बघता, मान हलवून, अतिशय अदबीनं म्हटलं, "व्हय."

सिस्टर उठल्या. तात्यांच्या अगदी समोर, गुडघ्याला गुडघा लागेल एवढ्या जवळ खाली बसल्या आणि त्यांच्या डोळ्यांत बघून म्हणाल्या, "तात्या, आज वार कुठला?"

"मंगळवार. का गं रतन, बाजार इसरलीस व्हय?"

"महिना कुठला?"

"कार्तिक लागंल आता. चार दिवसांत दिवाळी. कालव्याला पाणी सुटलंय, आपला नंबर गुरुवारी सकाळी हाय. ह्या पोराला सांग, खोडव्याच्या उसाला आधी दे म्हणावं. माझं ऐकत न्हाय."

मुलगा दारात उभा होता. त्याच्या हातातला पेला तसाच राहिला. सिस्टरांनी विचारलं, "मग मघाशी ही पोरगी इचारत होती तवा व्हय का म्हणलात?"

"ती काय इचारती ते मला ऐकूच येत न्हाय."

"सांगायचं न्हाय का मग, ऐकू येत न्हाय म्हणून?"

तात्यांना हा प्रश्नच विचित्र वाटला. "दुसऱ्याच्या घरची सून ती. डोक्यावर पदर घेऊन उभी ऱ्हायलेली. तिला सारखं आँ, आँ करायचं? बरं दिसतं व्हय ते? आपलं व्हय म्हणावं. व्हय म्हणलं की माणूस समाधानानं जातं."

त्या वेळी तिथे असलेल्या प्रत्येकाला एकाच क्षणी एकच गोष्ट कळत होती. चांगल्या वळणाची सून वडीलधाऱ्यासमोर आवाज काढत नाही. चांगल्या वळणाचा वडीलधारा सुनेला पुन्हा पुन्हा बोलायला लावत नाही. दोघांनी आपापली मर्यादा पाळली आणि त्यातून एका धडधाकट माणसाला स्मृतिभ्रंश झाला. घरातल्या दोन सुनाही चार वर्षं हेच करत आल्या होत्या. तात्यांच्या घरात कुणी वाईट वागत नव्हतं. सगळे नीट वागत होते, म्हणूनच कुणाला पत्ता लागला नाही.

परतीच्या वाटेवर अश्विनी रडली. म्हणाली, "सिस्टर, माझ्यामुळे त्यांना कायमचं घराबाहेर काढलं असतं. पण मोठ्या माणसांसमोर आवाज चढवायचा नाही, हे लहानपणापासून..." सिस्टरांनी तिला वाक्य पुरं करू दिलं नाही. "चढवू नको. पोचव. चढवणं निराळं आणि पोचवणं निराळं." मग त्यांनी स्वतःविषयी एक वाक्य जोडलं, जे मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं. "आणि माझं उलटं हाय. मी आयुष्यभर पोचवायच्या नावाखाली चढवतच आले."

दिवाळीची सुट्टी संपल्यावर पंधरा दिवस वर्गानं एक नवीन सराव केला, जो अभ्यासक्रमात कुठेही नव्हता. कॉलेज सुटलं की सगळ्या जणी कालव्याच्या काठावर जायच्या. निम्म्या या काठावर, निम्म्या पुलावरून पलीकडे. इकडून एकीनं चाचणीतला प्रश्न विचारायचा, पलीकडून उत्तर यायला हवं. ओरडायचं नाही, किंचाळायचं नाही. तोंड समोर, शब्द सुटा, दोन शब्दांत श्वास. पहिल्या दिवशी अश्विनीनं विचारलेलं पलीकडे कुणालाच कळलं नाही. चौथ्या दिवशी तिनं "आज वार कोणता?" विचारल्यावर पलीकडच्या काठावर म्हशी धूत असलेल्या माणसानंच उत्तर दिलं, "बुधवार! सकाळपास्नं किती जणींला सांगू?" त्या दिवशी सिस्टरांनी सगळ्यांना भेळ खाऊ घातली.

गोष्टी गावात थांबत नाहीत. तुमची सून परगावात म्हाताऱ्या माणसांवर ओरडते, असं कुणीतरी सणसरला जाऊन आबांना सांगितलं. आबांनी घरात काही बोलून दाखवलं नाही. प्रात्यक्षिक परीक्षेच्या दिवशी मात्र ते थेट शेळगावला आले. सुनेला घेऊन जायला आलो आहे, असं त्यांनी तात्यांच्या अंगणात उभं राहून सिस्टरांना सांगितलं. सिस्टर म्हणाल्या, "न्या की. पण परीक्षा सुरू हाय, मधनं उठवता येणार न्हाय. बसा तवर." आबा ओट्याच्या कडेला बसले. पुण्याहून आलेल्या परीक्षक डॉक्टरबाई खुर्चीत. अश्विनी बाहेर आली, सासऱ्यांना पाहिलं आणि उंबऱ्यातच थबकली. त्या क्षणी ती मागे फिरली असती तर तिचं वर्ष गेलं असतं. एकही विद्यार्थिनी अपुरी राहिली तर त्या बॅचचा निकाल अपुरा, आणि अपुऱ्या निकालावर पुढचा वर्ग मिळणार नव्हता. सिस्टर कुठेतरी बघत उभ्या राहिल्या. त्यांनी तिला खूण केली नाही, धीर दिला नाही.

अश्विनीनं पदर डोक्यावर घेतला, तोच पुढून नीट ओढून कमरेला खोचला, आणि तात्यांच्या समोर जाऊन बसली. आधी स्वतःचं नाव सांगितलं. मग कशासाठी आले ते सांगितलं. मग पहिला प्रश्न विचारला, आणि तो अंगणातल्या गोठ्यापर्यंत स्वच्छ पोचला. तात्यांनी तीसपैकी सव्वीस गुण मिळवले. इंग्रजी तारीख चुकली, आणि चित्र काढायला सांगितल्यावर त्यांनी पेन्सिल परत केली. "जन्मात धरली न्हाय ती. खुरपं द्या, सरी काढून दाखवतो." परीक्षक बाईंनी हसू दाबलं आणि कागदावर काहीतरी लिहिलं.

सगळं झाल्यावर तात्यांची नजर कडेला बसलेल्या आबांकडे गेली. दोघं एकमेकांना कारखान्याच्या सभांपासून ओळखत होते. "आबा, सून तुमची व्हय ही?"

"व्हय. लोक म्हणत्यात, म्हाताऱ्या माणसांवर ओरडती."

"ओरडत न्हाय." तात्या म्हणाले. "ऐकू येईल असं बोलती. ह्या घरात एवढी माणसं हायत, सगळी चांगली हायत. पण चार वर्षांत माझ्यासंगं ऐकू येईल असं कुणी बोललं न्हाय."

आबांनी चहा घेतला. उठताना सुनेकडे न बघता म्हणाले, "संध्याकाळच्या गाडीनं ये. मी पुढं जातो." ते ज्या कामासाठी आले होते त्याविषयी नंतर कधीच कुणी काही बोललं नाही.

दहाच्या दहा जणी उत्तीर्ण झाल्या. वर्ग पुढच्या वर्षी उघडला, त्याच्या पुढच्याही. तात्या पुण्याला गेले नाहीत. त्यांना बारामतीहून कानाचं यंत्र आणलं, ते लावल्यावर दोन दिवसांनी त्यांनी तक्रार केली, "घरात एवढी भांडणं चालत्यात, मला ठाऊकच नव्हतं." पुढची तीन वर्षं ते घरीच राहिले आणि गेले तेही घरातच. सिस्टरांचा निकाल मात्र नोंदवायला हवा. लेखी परीक्षेत त्या वर्गात दुसऱ्या आल्या. संवाद या भागात त्यांना दहा जणींत सर्वांत कमी गुण होते. परीक्षक बाईंचा शेरा होता : समोरच्या व्यक्तीला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर स्वतःच देतात. त्यांनी ती गुणपत्रिका फ्रेम करून घरात लावली आणि येणाऱ्या प्रत्येक नव्या विद्यार्थिनीला तो शेरा मोठ्यानं वाचायला लावला. पुढे चार वर्षं त्या महाविद्यालयात प्रात्यक्षिकांची जबाबदारी बघत होत्या. घरं आता मागावी लागत नव्हती. त्यांच्या हाताखाली शिकलेल्या मुली बारामतीतल्या दवाखान्यांत आहेत, पुण्यात आहेत. एकीनं भिगवणला ज्येष्ठांसाठी दिवसाचं केंद्र सुरू केलं आहे, तिघी स्कूटरवरून इंदापूरच्या वाड्या-वस्त्या करतात. लोक आता त्यांना फोन करतात तेव्हा आवाज खाली करत नाहीत. अश्विनी पुढे शिकली आणि त्याच विभागात शिकवू लागली.

मग सिस्टरांना झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा अडखळू लागली. रुग्ण म्हणून त्या अवघड होत्या. अश्विनी आणि दोघी जणी पाळीनं यायच्या आणि रोज गुण घेऊन जायच्या. डावा हात वर करून सिस्टर बोटं दाखवत. पाचपैकी तीन, पाचपैकी चार. पाच कधीच नाहीत. माझी शेवटची भेट त्या जाण्याच्या आठवडाभर आधीची. नव्या वर्गाचे अर्ज सुरू झाले होते. त्यांनी फक्त एक शब्द विचारला, तोही तुटत तुटत. "व... वर्ग?" मी सांगितलं की वीस जागांना चाळीसवर अर्ज आले आहेत. त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं झोप लागली. मग त्यांचे ओठ हलले, आणि मी कान जवळ नेला. "आकडा... तपासला?" तपासला होता. एक्केचाळीस. सांगितल्यावर त्या हसल्या, अर्ध्याच चेहऱ्यानं, पण पुरेपूर.

गेल्या आठवड्यात मी त्या वर्गात जाऊन बसलो. तळमजल्यावरची खोली, दोन लोखंडी खाटा, एक चाकाची खुर्ची, भिंतीवर हाडांचा तक्ता. सिस्टरांचा फोटो लावायचा का, असं मी विचारलं तेव्हा अश्विनी म्हणाली, भिंतीवर जागा नाही, तक्ते लावायचे आहेत. त्या दिवशी सणसरहून एक आजी शिकवायला आल्या होत्या. या वर्गात म्हाताऱ्या माणसांना 'पेशंट' म्हणत नाहीत, शिकवायला आलेत असं म्हणतात. खाटेवरून खुर्चीत कसं बसवायचं, हा धडा होता. दोन नव्या मुली पुढे झाल्या, एकीनं काखेत हात घातले, दुसरीनं पाय धरले आणि आजींना उचललं. आजी ओरडल्या, "अगं ए! उसाची मोळी हाय का मी?" वर्ग हसला. अश्विनी हसली नाही. ती आजींच्या समोर खाली बसली, त्यांच्या डोळ्यांत बघून शेवटच्या बाकापर्यंत पोचेल अशा आवाजात म्हणाली, "आजी, तुमचं बरोबर आहे. यांना पुन्हा करायला सांगू का?"

"सांग की. मी कुठं चालली हाय?"

मुलींनी पुन्हा केलं. आधी सांगितलं, आता काय करणार आहोत. आजींना हात त्यांच्या खांद्यावर ठेवू दिले, त्यांचे पाय जमिनीला लागू दिले, तीन म्हणेपर्यंत थांबल्या. आजी स्वतःच्या पायांवर क्षणभर उभ्या राहिल्या, वळल्या आणि खुर्चीत बसल्या. पदर सारखा केला. मग एकवीस जणांच्या त्या खोलीकडे बघून म्हणाल्या, "आत्ता कसं... माणसानं माणसाला उठवल्यावानी वाटलं."